वादी कबीरची जपानी पेटी

याकूब, तू गेल्याचं मला मंगळवारी कळलं आणि शुक्रवारपर्यंत तू वादी कबीरमधला सगळ्यात भला माणूस होऊन बसला होतास. चहाच्या दुकानात ज्याला त्याला तुझी आठवण येत होती. कुणी म्हणे काय दिलदार माणूस, कुणी म्हणे जन्मात कुणाला उलटून बोलला नाही. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. तू ज्याला उलटून बोलला नाहीस असा माणूस मला तरी अजून भेटायचा आहे. तुला दिलदार म्हणणाऱ्याच्या पॉलिशच्या कामाला तू 'गाढवाला अत्तर' म्हणायचास, तेही त्याच्या तोंडावर, गिऱ्हाईक समोर उभं असताना.

तू भला नव्हतास. तू खोटारडा होतास, गर्विष्ठ होतास, जेवताना मचमच आवाज करायचास, आणि दहा वर्षं एका पत्र्याखाली काम करूनही माझ्या धंद्याला तू धंदा मानलं नाहीस. मी फॅब्रिकेटर. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे. तू मला लोहार म्हणायलाही तयार नव्हतास, पत्रेवाला म्हणायचास. ही माणसं आता तुला संत करायला निघाली आहेत, आणि तू असतास तर मिशीत हसत बसला असतास.

मी लिहितोय ते एका कामासाठी. गेली सात वर्षं तू फोनवर मला एकच गोष्ट विचारत होतास, की त्या मॅडमला कुणी सांगितलं. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आज सांगतो. पण माझ्या पद्धतीने सांगणार. मध्ये बोलायचं नाही. नाहीतरी तुला आता ते जमणार नाही.

एक्याण्णव साली मी वसईहून ओमानला आलो, तेव्हा अर्बाबच्या, म्हणजे आपल्या अरब मालकाच्या, फर्निचर शोरूममागची ती शेड अर्धी तुझी होती. उरलेल्या अर्ध्यात माझं वेल्डिंग. पहिल्याच दिवशी माझ्या ग्राइंडरच्या ठिणग्या तुझ्या फळ्यांवर पडल्या आणि तू ओरडलास, "ए पाद्री, तुजी दिवाली तिकडं कर!" मी वसईचा ख्रिश्चन आहे एवढं तुला सकाळीच कळलं होतं, तेवढ्यावर तू माझं बारसं उरकलंस. इनास हे माझं नाव तुझ्या तोंडून मी दहा वर्षांत चारदा ऐकलं असेल. दुपारी मध्ये एक प्लायवूड उभं केलंस. त्या प्लायवूडच्या दोन बाजूंनी आपण भांडत आलो.

तुझ्या बापाने रत्नागिरीकडच्या खाडीत होड्या बांधल्या, आजोबाने बांधल्या. तू शिकलास आणि फायबरच्या होड्या आल्या. मग इकडे येऊन ऑफिसच्या टेबलांना फॉर्मायका चिकटवत बसलास. चिकटवताना तुझ्या चेहऱ्यावर असा भाव असायचा की कुणी तुला दुसऱ्याची चप्पल पुसायला लावली आहे. मला तेव्हा तुझा राग यायचा. आम्ही काय राजवाडे बांधायला आलो होतो? पगार वेळेवर मिळत होता, भाताला मासे मिळत होते. पण तुला आपलं काहीतरी बिनसलेलं असायचं.

मग चौऱ्याण्णवच्या जुलैत ती पेटी आली. हवेत नुसता दमटपणा, सकाळी घातलेला शर्ट दहा वाजता पिळून काढावा असा. एका जपानी इंजिनिअरची बायको पिकअपमधून घेऊन आली होती. कमरेएवढ्या उंचीची, पाच खणांची, कोपऱ्यांना काळं लोखंड. दोन खण अडकले होते. तोडक्यामोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं की पेटी आजीची आहे, लाकूड किरी नावाच्या झाडाचं. त्यांच्याकडे मुलगी जन्मली की ते झाड लावतात आणि तिच्या लग्नात तोडून तिला पेटी करून देतात. तू पेटी एका बाजूने उचललीस आणि दचकलास. पांगाऱ्याच्या लाकडासारखी हलकी होती.

मी म्हणालो, "खालून दोन हात रंधा मार, सुटेल." माझ्या हातात रंधा होता. तू माझ्या मनगटावर चापट मारलीस.

"हात लावायचा नाय. लाकूड पानी प्यालंय. होडी पान्यात घातली की फुगते नि सांधे मिटतात, तसं झालंय. आज रंधा मारशील तर थंडीत खन आत खुलखुल करतील."

मग अर्बाबच्या हातापाया पडून तू ती पेटी शोरूमच्या एसीत नेऊन ठेवलीस, दाराआडच्या कोपऱ्यात. रोज दोनदा जाऊन तिच्यावर हात ठेवायचास, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी सगळ्यांना सांगत सुटलो की याकूबला खूळ लागलं. बाराव्या दिवशी दोन्ही खण एका बोटाने बाहेर आले. ती बाई न्यायला आली तेव्हा तिने कमरेत वाकून तुला नमस्कार केला आणि तू गडबडून तिला सलाम ठोकलास. लष्करातल्यासारखा. त्याची नक्कल मी पुढे वर्षभर करत होतो.

पण त्या बारा दिवसांत तुझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाकीचे तीन खण काढून तू ती पेटी आतून वाचलीस. आत एक खिळा नव्हता. सगळीकडे लाकडाच्या खुंट्या, आगपेटीतल्या काडीएवढ्या. एक खण आत ढकलला की दुसरा आपोआप बाहेर यायचा, कारण आतल्या हवेला निसटायला फटच नव्हती. तू दहा-दहा वेळा ढकलून बघायचास. मी म्हणालो, "खेळणं झालं का?" खरं म्हणजे मलाही एकदा ढकलून बघायचं होतं. तू म्हणालास, "तुजे हात काले हायत."

त्यानंतर दोन वर्षं तुझे शुक्रवार त्यात गेले. रुसैलच्या एका गोदामात जपानहून यंत्रं यायची, छान वासाच्या मऊ लाकडाच्या खोक्यांतून. खोकी ते फेकून द्यायचे. तू सलीमला पिकअप घेऊन पाठवायला लागलास. सलीम, तुझा मावसभाऊ, शोरूमचा ड्रायव्हर, तुझ्याच गावचा, तूच व्हिसा मिळवून आणलेला. तो खोकी आणायचा, तू खिळे उपटायचास, मोजमापं सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर काढलेली होतीच. बोरीच्या लाकडाच्या खुंट्या करून तव्यावर वाळूत भाजायचास, कडक व्हाव्यात म्हणून. खण ट्यूबलाइटसमोर धरून एक डोळा मिटून बघायचास, कुठून उजेड येतो का. पहिल्या दोन पेट्या तू स्वतःच मोडल्यास. दुसरी मोडलीस तेव्हा मला बरं वाटलं होतं, तेही सांगून टाकतो.

मग तुला कड्या लागल्या, कोपरे लागले, कुलपाची पट्टी लागली आणि तुला प्लायवूडच्या ह्या बाजूला यावं लागलं. "पाद्री, लोखंडाचं तेवढं करशील काय?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. तुला तीनदा विचारायला लावलं. पण केलं. तापवून ठोकून, तेलात काळं करून, सहा दिवस घरी जेवायला उशिरा गेलो. तू कडी हातात घेऊन फिरवलीस आणि म्हणालास, "चालंल." एवढंच.

तिसरी पेटी जमली. अर्बाब शेडमध्ये आला, त्याने ती बघितली, म्हातारा खूश झाला आणि विचारलं, "जपानी?"

तिथे तुला सांगता आलं असतं. अर्बाब माणूस चांगला होता, लहान मुलासारखा हरखला असता. तू म्हणालास, "ऐवा अर्बाब, जपानी."

का म्हणालास? मी त्याच दिवशी विचारलं आणि पुढे पाच वर्षं विचारत राहिलो. त्या एका 'हो'पायी मग सगळं नाटक आलं. जपानी लोक ओमान सोडून जाताना सामान काढतात, त्यांच्याकडून मी आणतो, असं तू अर्बाबला सांगितलंस. नव्या लाकडाला काळा चहा, सिरका आणि लोखंडाचा कीस चोपडून म्हातारं करायला लागलास. माझ्या चांगल्या कड्या खारट ओल्या वाळूच्या पोत्यात पुरून गंजवायला लावल्यास. केलेलं काम स्वतःच्या हाताने नासवायचं, ह्याच्याइतकं किळसवाणं मी आयुष्यात काही केलं नाही, आणि ते तुझ्यामुळे केलं.

"आत कुठेतरी नाव तरी घाल," मी म्हणायचो.

"कोन घेनार रं याकूबची पेटी? याकूबची म्हनलं तर कांदेबटाटे भरतील तिच्यात. जपानी म्हनलं की खाली गालिचा टाकतात."

"भित्रा आहेस तू."

"मग तू ग्रिलवर सही करतोस काय?"

त्याच्यावर मी ग्राइंडर चालू करायचो. पण तुझं बोलणं मला कधी पटलं नाही. ती घेणारी माणसं आपण दोघांनीही बघितली होती. यायची, अंगठीने टकटक वाजवायची, नाक लावून वास घ्यायची आणि शंभर वर्षांचा वास येतो म्हणायची. तो वास सिरक्याचा होता. असल्या लोकांच्या घरात पेटीला राहायला मिळावं म्हणून तू स्वतःचं नाव पुसलंस. त्यांची मला कीव यायची. तुझी त्याहून जास्त यायची. अशा अकरा पेट्या झाल्या.

आता मॅडमचं.

दोन हजार एक साल. समुद्राकडच्या एका व्हिलात स्वयंपाकघराच्या खिडकीला ग्रिल बसवायचं होतं. साहेब बँकेत मोठे, दोघंही पुण्याचे. मराठी ऐकून मला बरं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "मिस्त्री, आधी हात पुसा," तरीही बरं वाटलं. हॉलमधून जाताना बघतो तर तुझी पेटी. सातवी. वर खास दिवा सोडलेला, खाली खरंच गालिचा, वर फुलदाणी. माझी नजर गेली तशी त्या थांबल्या. लोकांना ती पेटी दाखवायची त्यांना सवय असणार. पत्रेवाला का असेना, ऐकणारा मिळाला.

"जपानी आहे. सव्वाशे वर्षांची," त्या म्हणाल्या. "एक खिळा नाही. ह्या लोकांचं कामच वेगळं. आपल्याकडे आहे का कुणाच्या हातात हे? आपले सुतार म्हणजे खिळे ठोकणार आणि फटीत लांबी भरणार."

याकूब, मी ग्रिल खाली ठेवलं. मला राहवलं नाही.

"मॅडम," मी म्हणालो, "ही आपल्याच माणसाने केली आहे. रत्नागिरीच्या. इथे वादी कबीरला असतो."

मला खरोखर वाटलं होतं की त्या तोंडावर हात ठेवून "अय्या, खरंच?" म्हणतील. साहेबांना हाक मारतील. तुला घरी बोलावतील. तू इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या सोफ्याच्या कडेवर अवघडून बसला आहेस आणि मराठी बायका तुझ्याभोवती जमल्या आहेत, हे चित्रसुद्धा मी तेवढ्या वेळात बघून घेतलं. मी वरचा खण काढून खुंट्या दाखवल्या. खालचा ढकलून वरचा कसा येतो ते दाखवलं. ही कडी मी केली, म्हणालो. आणखीही बरंच बोललो. हातात काम असलेल्या माणसाला वाटतं की काम बघणाऱ्यालाही तेच दिसतंय. आपल्यासारख्यांनीच करावा असा तो मूर्खपणा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ही जुनी नाही?"

"नाही मॅडम, तीन-चार वर्षांची असेल."

पेटी तीच होती. खण तेच होते. त्यांनी पुढे होऊन फुलदाणी उचलली आणि जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हणाल्या, "ग्रिलचं नंतर बघू."

मी सांगितलं, याकूब. सलीमने नाही. मी.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी प्लायवूडच्या बाजूला उभा राहून काय बघितलं ते तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी साहेब शोरूमला आले, आणि ते गेल्यावर अर्बाब शेडमध्ये. म्हाताऱ्याला खरंच काही माहीत नव्हतं. त्याने विचारलं, "याकूब, ये तू बनाया?" तू म्हणालास, "हां अर्बाब." आणि ते म्हणताना तू किंचित ताठ झालास. पाच वर्षांत पहिल्यांदा तू ते कुणाला तरी सांगत होतास. मग त्याने विचारलं, लोखंड कुणाचं? तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "रुस्ताकच्या सूक-बाजारातून आनायचो. जुनं भंगार."

माझाही व्हिसा त्याच अर्बाबचा होता. दोन मुली शाळेत होत्या. माझी बायको मार्था म्हणते, याकूबभाईंनी आपलं घर वाचवलं, त्यांच्यासाठी मेणबत्ती लाव. मी तिला म्हणतो, छे, त्याला लोखंडाचं श्रेय मला द्यायचं नव्हतं. तू होतासच तसा. पण मेणबत्ती मी लावतो. दरवर्षी लावतो. आणि अर्बाब "खलास" म्हणाला आणि तुला गावी पाठवायला निघाला तेव्हा मी तोंड उघडलं नाही, एवढंही लिहून ठेवतो. तुला भित्रा म्हणणारा मी.

तू संशय सलीमवर घेतलास. खोक्यांचं त्याला माहीत होतं, म्हणून तोच. एअरपोर्टपर्यंत त्याच्या गाडीतून गेलास आणि एक शब्द बोलला नाहीस. माझा संशय तुला आला नाही, कारण पाद्री कुणासमोर याकूबविषयी चांगलं बोलेल हे तुझ्या डोक्यातच येण्यासारखं नव्हतं. गावी जाऊन तू मासळीच्या बर्फाच्या पेट्या केल्यास. सलीमच्या मुलीच्या लग्नाला गेला नाहीस, भाभींनाही जाऊ दिलं नाहीस. फोन केला की पहिला प्रश्न, "सलीमच होता ना रं?" मी म्हणायचो, "जाऊ दे ना आता." सात वर्षं मी एवढंच म्हणालो. सोपं होतं. समुद्रापलीकडून तू दुसऱ्याच माणसाला शिव्या देत होतास आणि मी ऐकून घेत होतो.

मंगळवारी सलीमच आला तू गेल्याचं सांगायला. रजेवर गावी गेला होता, आदल्याच दिवशी परतला होता. तू आजारी असताना तुला बघायला आला होता म्हणे, आणि तू भिंतीकडे तोंड केलंस. जनाज्याला तो शेवटच्या रांगेत उभा राहिला. माझ्या शेडमध्ये स्टुलावर बसून तो म्हणाला, "मी कुनाला काय बोललो नाय, इनासभाई. अल्ला जानतो. मरताना तरी त्याने तोंड इकडं करायचं होतं."

मी त्याला सांगितलं. सगळं, आता तुला सांगितलं तसं.

मला वाटलं तो मला मारेल. मारायला हवं होतं. त्याने विचारलं, "बाईला काय बोललास तू? नक्की काय बोललास?"

मला शब्दन् शब्द पाठ होता. मी म्हणून दाखवला.

"आनि हे त्याला कदी बोललास?"

"कधीच नाही."

"मग मला कशाला सांगतोस," तो म्हणाला आणि सलाम न करता निघून गेला. उद्या त्याच्याकडे जाईन. त्याच्या घरच्यांसमोर आणि फोन लावून भाभींसमोर पुन्हा सांगेन. ते माझं मी बघतो.

तुझं राहिलं. मला फार वाईट वाटतंय, याकूब. तर ऐक. तुझा वरचा खण दोन्ही हातांत धरून मी त्या बाईला म्हणालो होतो, "मॅडम, मी दहा वर्षं ह्या माणसाच्या शेजारी काम करतोय. ह्याच्यासारखा हात मी वसईत बघितला नाही आणि इथेही बघितला नाही. माझं लोखंड ह्याच्या लाकडावर बसतं ह्याचा मला अभिमान आहे."

त्या वेळी तू तिथून पंधरा मिनिटांवर होतास. चार वाजता मी शेडमध्ये परत आलो. तू कुठल्याशा टेबलाला फॉर्मायका चिकटवत होतास. मान वर न करता विचारलंस, "बसलं काय रं ग्रिल?"

मी 'हो' म्हणालो आणि ग्राइंडर चालू केला.